दात लवकर सरकवण्याचे उपाय खरंच चालतात का? ब्रेसेस, बाइट आणि त्यावरचं संशोधन

रानजाई

नमस्कार मंडळी. माझं वय २६, ब्रेसेस लावून दीड वर्ष उलटून गेलंय. सुरुवातीला साधारण दीड वर्षात आटपेल असं सांगितलेलं पण अजून वरच्या सुळ्यांच्या मागची फट पूर्ण बंद झालेली नाही, आणि बाइट पण नीट बसत नाहीये म्हणजे दाढा मिटल्या की वरचे पुढचे दात खालच्यांच्या बरेच पुढे राहतात. वरच्या दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ काढलीय, खालचं काही काढलेलं नाही. वरच्या-खालच्या ब्रेसेसमध्ये अडकवायचं रबर रोज लावते, जेवताना आणि ब्रश करताना काढते.

आता क्लिनिकमध्ये सांगताहेत की हिरडीतून हाडाला बारीक भोकं पाडली की दात दुपटीपेक्षा जास्त वेगाने सरकतात, त्याचे पैसे वेगळे. शिवाय दातांत धरून बसायचं थरथरणारं मशीन येतं त्याच्या जाहिराती मला फोनवर सारख्या दिसतायत. मी घाबरट नाही, करायचं असेल तर करेन, पण करण्याआधी कुणीतरी सरळ सांगा की यावर खरंच अभ्यास झालाय का आणि त्यात काय निघालं. आणि एक बाळबोध प्रश्न, डॉक्टर तारेला थोडा जास्त जोर का लावत नाहीत? दुखलं तर मी सहन करायला तयार आहे, फक्त हे संपू दे आता.

दंतवैद्य_ऑर्थो

रानजाई, तुमचा शेवटचा प्रश्न बाळबोध मुळीच नाही, आमच्या विषयातलं शंभर वर्षांचं संशोधन त्याच प्रश्नाभोवती फिरलंय, त्यामुळे आधी तेच घेतो आणि जरा सविस्तर लिहितो.

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरपेक्षाही पातळ असा तंतूंचा आणि रक्तवाहिन्यांचा थर असतो, पेरिओडॉन्टल लिगामेंट. तारेने दात एका बाजूला ढकलला की त्या बाजूला हा थर दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला ताणला जातो. दाबलेल्या बाजूला हाड खाणाऱ्या पेशी, ऑस्टिओक्लास्ट, जमतात आणि हाड विरघळवतात, ताणलेल्या बाजूला ऑस्टिओब्लास्ट नवीन हाड घालतात. म्हणजे दात सरकतो तो हाड आणि पेशींच्या या कामामुळे, तार फक्त त्यांना इशारा देते. आता तुम्ही जोर वाढवला तर काय होतं? त्या पातळ थरातल्या रक्तवाहिन्या चेपून बंद होतात, तिथल्या पेशी मरतात आणि तेवढा भाग काचेसारखा निर्जीव होऊन बसतो, त्याला आम्ही हायलिनायझेशन म्हणतो. मग हाड खायला पेशीच शिल्लक नाहीत! शरीराला बाजूच्या मज्जेतून, मागच्या बाजूने पोखरत यावं लागतं आणि तोवर काही आठवडे दात जागचा हलत नाही. कार्ल सँडस्टेट नावाच्या स्वीडिश डॉक्टरने १९०४-०५ च्या सुमाराला कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे मायक्रोस्कोपखाली पाहिलं होतं. पुढे १९३२ मध्ये श्वार्ट्झ यांनी मांडलं की जोर केशवाहिन्यांतल्या रक्तदाबापेक्षा जास्त नको, म्हणजे मुळाच्या दर चौरस सेंटिमीटरला २०-२५ ग्रॅमच्या आसपास. आज आम्ही हा आकडा जसाच्या तसा वापरत नाही कारण प्रत्येक मुळावर दाब सारखा पसरत नाही, पण हलका आणि सतत जोर हे तत्त्व तेव्हापासून टिकून आहे.

तुमच्या केसशी थेट संबंध असलेला अभ्यास १९५२ चा आहे, ऑस्ट्रेलियात स्टोरी आणि स्मिथ यांनी केलेला. उपदाढ काढलेल्या जागेत सुळा मागे ओढायचा तर आधार म्हणून मागची दाढ धरावी लागते ना. त्यांनी पाहिलं की साधारण १५० ते २०० ग्रॅम जोर असताना सुळा छान मागे येत होता आणि दाढ जागेवर राहत होती, पण जोर खूप वाढवला की सुळा थबकला आणि उलट दाढच पुढे यायला लागली. हे नीट लक्षात घ्या, कारण तुमच्याकडे काढलेल्या उपदाढेची जागा ही एकदाच वापरायची शिल्लक आहे. दाढ पुढे आली तर फट बंद झालेली दिसेल, आरशात बरंही वाटेल, पण पुढचे दात पुढेच राहतील आणि ज्यासाठी दात काढले तो बाइट सुधारणार नाही. म्हणून जोर वाढवायचा नाही, आधार पक्का करायचा. यासाठीच मिनिस्क्रू, म्हणजे हाडात बसवायचे बारीक स्क्रू, आले. १९९७ मध्ये जपानच्या कानोमींनी १.२ मिलिमीटर जाडीचा स्क्रू वापरून दाखवला आणि त्यानंतर आमच्या कामाची पद्धतच बदलली, कारण आता दाढेऐवजी हाडाला धरून ओढता येतं. स्क्रू कधीकधी ढिले होऊन निघतात, तरीही माझ्या मते गेल्या काही दशकांत बाइट सुधारण्यासाठी पेशंटला खऱ्या अर्थाने उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

जास्त जोराचा आणखी एक तोटा म्हणजे मुळं झिजतात. थोडीफार झीज बहुतेकांना होते आणि काही बिघडत नाही, पण जड जोराने ती वाढते हे अभ्यासांत दिसलंय आणि झिजलेलं मूळ परत लांब होत नाही. तुम्ही दुखणं सहन कराल हो, मूळ करणार नाही.

आता वेळेचा हिशोब करू. सुळा महिन्याला साधारण १ मिलिमीटर मागे येतो, कुणाचा थोडा जास्त कुणाचा थोडा कमी. उपदाढेची जागा ७ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे फक्त सुळ्याला सहा-सात महिने, त्याआधी वाकडेतिकडे दात सरळ करायला काही महिने गेलेले असतात, आणि सुळा आला की मग चार पुढचे दात मागे न्यायचे, त्यांची मुळं पण सोबत यायला हवीत नाहीतर दात नुसते आत झुकतात. २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेली फिक्स ब्रेसेसची सरासरी २० महिन्यांच्या जवळ येते. दात काढलेली केस बहुतेक वेळा त्या सरासरीच्या पुढेच जाते, म्हणून दीड वर्षानंतर फट उरली म्हणजे काही बिघडलंय असं लगेच धरून चालू नका.

पीजी_अभ्यासिका

मी ऑर्थोमध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, पीजी करतेय आणि थिसिससाठी हाच विषय वाचतेय, म्हणून भोकं आणि मशीनबद्दल मी लिहिते. सरांनी वरती जे लिहिलंय ते वाचून मगच हे वाचा.

भोकं पाडण्यामागची कल्पना खोटी नाहीये. हाडाला इजा झाली की तिथे आजूबाजूला हाडाची उलाढाल काही काळ वाढते, हॅरॉल्ड फ्रॉस्ट या हाडांच्या डॉक्टरांनी १९८३ मध्ये याला रीजनल ॲक्सेलरेटरी फिनॉमेनन नाव दिलं. त्याचा वापर करून कॉर्टिकोटॉमी म्हणजे हिरडी उघडून हाडाच्या बाहेरच्या थराला चिरा पाडायच्या ही पद्धत आली, विल्को बंधूंनी २००१ मध्ये त्यात हाडाची भुकटी भरण्याची भर घातली. कॉर्टिकोटॉमीने सुरुवातीचे काही महिने दात जोरात सरकतात याला बऱ्यापैकी पुरावा आहे, पण ती शस्त्रक्रिया आहे, सूज, दुखणं, हिरडीचा त्रास हे सगळं आलं आणि वेग नंतर ओसरतो.

मग लोकांना वाटलं की एवढी मोठी सर्जरी कशाला, हिरडीतूनच बारीक भोकं पाडू, हीच मायक्रो-ऑस्टिओपर्फोरेशन. तुम्हाला जो दुपटीपेक्षा जास्त वेग सांगितलाय तो आकडा माझ्या अंदाजाने २०१३ च्या न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासातून आलाय, तिथे २.३ पट असं आलं होतं. पण तो अभ्यास २० पेशंटचा आणि सुळ्याची हालचाल मोजली ती फक्त २८ दिवस! एका महिन्यात सुळा किती सरकला यावरून अख्खी ट्रीटमेंट किती लवकर संपेल ते कसं सांगणार? नंतर इतरांनी करून पाहिलं. २०१८ मध्ये जॉर्डनमध्ये ३२ पेशंटवर केलेला अभ्यास मला फार आवडतो कारण त्यात प्रत्येक पेशंटच्या एका बाजूला भोकं आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, कुठली बाजू ते लॉटरी पद्धतीने ठरवलं आणि ओढायला मिनिस्क्रू, म्हणजे तोच माणूस, तेच हाड, तेच वय, तुलना स्वच्छ. तीन महिन्यांत दोन्ही बाजूंत अर्थपूर्ण फरक नाही. त्यानंतरचे बरेच अभ्यास पण याच दिशेने गेलेत, काहींत थोडासा फायदा दिसतो तो इतका लहान असतो की एकूण काळात जाणवणार नाही.

थरथरणाऱ्या मशीनचं तर अजून स्पष्ट आहे. रोज २० मिनिटं तोंडात धरायचं ते. २०१५ मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८१ जणांचे तीन गट केले, एकाला चालू मशीन, एकाला तसंच दिसणारं पण न थरथरणारं मशीन, एकाला काहीच नाही. दात सरळ व्हायला तिन्ही गटांना सारखाच वेळ लागला. हे खोटं मशीन ठेवणं किती महत्त्वाचं आहे बघा, कारण ज्याला मशीन मिळतं तो माणूस मनापासून ब्रश करतो, रबर लावतो, अपॉइंटमेंट चुकवत नाही, आणि मग फायदा मशीनचा की त्या काळजीचा हे कळतच नाही. इंजेक्शनचा पण प्रयत्न झालाय, रिलॅक्सिन नावाच्या हार्मोनचं, २०१२ चा अभ्यास, ४० जण, आठ आठवडे दर आठवड्याला इंजेक्शन, खऱ्या आणि खोट्या इंजेक्शनमध्ये फरक शून्याच्या जवळ. लेझर वगैरेचे निकाल इतके इकडेतिकडे आहेत की त्यावर मी आज कुणाला पैसे खर्च करा म्हणणार नाही.

मला हे सगळं वाचताना निराश वाटत नाही, उलट बरं वाटतं. आमच्या विषयात कितीतरी वर्षं ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं असं चालायचं. एडवर्ड अँगल, ज्यांनी १८९९ मध्ये क्लास वन टू थ्री हे बाइटचं वर्गीकरण दिलं जे आजही आम्ही रोज वापरतो, त्यांचं ठाम म्हणणं की दात कधीच काढायचे नाहीत, आणि त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी दात न काढता केलेल्या आणि नंतर पुन्हा बिघडलेल्या स्वतःच्या केसेस उपदाढा काढून परत केल्या. इतका मोठा वाद वर्षानुवर्षं केसेस दाखवून चालला, चाचणीने नाही. आता निदान एखादी गोष्ट चालत नाही हे ठामपणे सांगता येतं आणि पेशंटच्या हाडाला विनाकारण भोकं पडत नाहीत.

कवडसा७

मी पेशंट आहे, डॉक्टर नाही, अलाइनर म्हणजे दातांवर चढवायचे प्लॅस्टिकचे ट्रे वापरतोय. मला इथे विचारायचंय की अलाइनरवाल्यांना पण हेच लागू का? कारण माझ्या कॉम्प्युटरवरच्या व्हिडिओत सगळे दात मस्त बसलेले दाखवलेले आणि प्रत्यक्षात सगळे ट्रे संपले तरी एक सुळा वळलेलाच आहे, आता पुन्हा स्कॅन करून नवीन ट्रे येणार म्हणे. घालतो मी नीट, झोपताना पण.

दंतवैद्य_ऑर्थो

कवडसा, हाड आणि पेशी त्याच, त्यामुळे जीवशास्त्र तेच लागू. फरक आहे तो पकडीत. प्लॅस्टिक दाताला कवटाळून ढकलतं, आणि सुळ्यासारखा गोलसर दात वळवायला पकड कमी मिळते, दात खाली ओढायचा असेल तर अजूनच अवघड. त्या व्हिडिओत दिसतं ते डॉक्टरने ठरवलेलं लक्ष्य असतं, तितकं घडतंच असं नाही. २००९ मध्ये एका अभ्यासात पुढच्या दातांची ठरवलेली हालचाल आणि झालेली हालचाल यांची तुलना केली तर सरासरी ४१ टक्के साधलेली निघाली, त्याच पद्धतीने २०२० मध्ये पुन्हा पाहिलं तर ५० टक्के. म्हणजे प्लॅस्टिक सुधारलं, दातावर चिकटवायचे अटॅचमेंट सुधारले, तरी अजून निम्मं. त्यामुळे पुन्हा स्कॅन करणं हे तुमच्या बाबतीत काही वावगं घडल्याचं लक्षण नाही, ती प्रक्रियेचाच भाग आहे, फक्त हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. दिवसाचे २२ तास हा नियम मात्र पाळाच. काढता येणाऱ्या उपकरणांत सेन्सर बसवून केलेले अभ्यास एकत्र पाहिले तर लोक सांगितलेल्या वेळेपेक्षा दिवसाला सरासरी ५-६ तास कमी घालतात असं निघतं.

आणि रानजाई, हाच मुद्दा तुमच्या रबरांना पण लागू आहे. वरचे दात पुढे असलेल्या बाइटमध्ये रबर दिवसभर हवं, जेवताना काढलं की लगेच परत लावायचं विसरतं माणूस, संध्याकाळपर्यंत तसंच राहतं. रबर काढून ठेवलेल्या तासांत दात थोडा माघारी फिरू शकतो आणि पेशींना मिळणारा इशारा तुटतो. दर महिन्याला वेळ जातो तो इथे, निघालेल्या ब्रॅकेटमध्ये (तार धरणारा दातावर चिकटवलेला तुकडा) आणि चुकलेल्या अपॉइंटमेंटमध्ये. निघालेलं ब्रॅकेट पुढच्या भेटीपर्यंत तसंच राहिलं तर त्या दाताचा तो महिना वाया, कधीकधी तो उलट सरकलेला असतो.

ओंजळ

दादा ताई, मला माझ्या मुलीबद्दल विचारायचंय, ती आठ वर्षांची आहे आणि तिचा खालचा जबडा पुढे आहे, खालचे दात वरच्यांच्या बाहेर येतात. एक डॉक्टर म्हणतात आत्ताच चेहऱ्यावर लावायचं उपकरण द्या, दुसरे म्हणतात सगळे दात येऊ देत मग बघू. माझ्या पुतण्याला उलट वरचे दात पुढे आहेत, तोही नऊ वर्षांचा, त्याला थांबा म्हणाले. एकाला थांबा एकाला आत्ता हे कसं?

दंतवैद्य_ऑर्थो

ओंजळ, दोन्ही सल्ले एकाच वेळी बरोबर असू शकतात आणि इथे संशोधनाने खरंच दिशा दाखवलीय.

पुतण्याचं आधी. वरचे दात पुढे, खालचा जबडा मागे, हा क्लास टू. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये मुलांचे लॉटरीने गट करून मोठ्या चाचण्या झाल्या, एका गटाला ८-१० वर्षांच्या वयात उपकरण आणि मग किशोरवयात ब्रेसेस, दुसऱ्याला थेट किशोरवयातच. शेवटी दोघांचा बाइट आणि जबड्याचं नातं सारखंच निघालं, म्हणजे लवकर सुरुवात केल्याने शेवट जास्त चांगला होत नाही, मूल मात्र दोनदा उपचारातून जातं. फायदा एकच सापडला, पुढे आलेले दात पडून किंवा आपटून तुटण्याचं प्रमाण लवकर उपचार केलेल्यांत कमी. म्हणून पुतण्या खूप पडत-धडपडत असेल, खेळताना दाताला मार बसला असेल किंवा शाळेत चिडवल्यामुळे खचून जात असेल तर लवकर करावं, नाहीतर वाढीचा जोर येईपर्यंत थांबणं योग्य.

मुलीचं वेगळं आहे. खालचा जबडा पुढे किंवा वरचा मागे, हा क्लास थ्री. इथे वरच्या जबड्याच्या हाडांचे सांधे लहान वयात जास्त दाद देतात, म्हणून फेसमास्क, म्हणजे कपाळाला आणि हनुवटीला टेकणारी चौकट आणि तिच्यातून वरच्या जबड्याला पुढे ओढणारे रबर. इंग्लंडमध्ये दहा वर्षांखालच्या ७३ मुलांवर चाचणी झाली आणि त्यांना सहा वर्षं पाहिलं. फेसमास्क दिलेल्यांपैकी ३६ टक्के मुलांना पुढे जबड्याची सर्जरी लागेल असं तज्ज्ञांनी ठरवलं, न दिलेल्यांत हाच आकडा ६६ टक्के. मोठा फरक आहे. पण त्याचवेळी ३६ टक्के म्हणजे तीनातल्या एका मुलाला उपकरण लावूनही सर्जरीची शक्यता राहतेच हेही मुलीच्या आईवडिलांना माहीत असावं, कारण खालचा जबडा किशोरवयात पुन्हा वाढतो आणि त्याला आपण अडवू शकत नाही. मी मुलगी पाहिलेली नाही. तुमच्या डॉक्टरांना एवढं विचारा की दोष वरच्या जबड्यात आहे की खालच्या की नुसते दातच उलटे लागतायत, आणि घरात कुणाचा जबडा असा आहे का हे त्यांना आपणहून सांगा. वरचा जबडा मागे असेल तर थांबण्यात तोटा आहे.

ओंजळ

तिच्या आजोबांचा जबडा अगदी तसाच आहे. हे सांगायचं लक्षातच आलं नव्हतं. खूप आभार, पुढच्या भेटीत हाच प्रश्न विचारते.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. भोकांचा विषय मी सोडला. आता दोन गोष्टी विचारते. एक म्हणजे तार घट्ट केली की दोन दिवस दुखतं तेव्हा मी आयबुप्रोफेन घेते, त्याने काही होतं का, कारण कुणीतरी म्हणालं त्याने दात सरकायचेच थांबतात. आणि दुसरं, माझी प्रगती नीट चाललीय की नाही हे मला कसं कळणार? प्रत्येक वेळी "छान चाललंय" एवढंच ऐकू येतं.

पीजी_अभ्यासिका

पहिल्याचं उत्तर मी देते. दात सरकण्याच्या साखळीत प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं असतात आणि आयबुप्रोफेनसारखी औषधं नेमकी तीच कमी करतात, प्राण्यांवरच्या अभ्यासांत सरकणं मंदावलेलं दिसलंय. एखाददोन दिवस एखादी गोळी घेतल्याने तुमची ट्रीटमेंट अडणार नाही, पण बरेच दिवस घ्यायची वेळ येत असेल तर पॅरासिटामॉल बरी, तिचा असा परिणाम फारसा दिसत नाही. याहून महत्त्वाचं म्हणजे हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून देतात ती बिस्फॉस्फोनेट गटाची औषधं, किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड, यांपैकी काही कुणी घेत असेल तर ऑर्थोडॉन्टिस्टला सांगायलाच हवं, कारण ती औषधं हाडाची उलाढालच बदलतात. आणि आपल्या मनाने ती बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या.

दंतवैद्य_ऑर्थो

दुसऱ्याचं मी. "छान चाललंय" वर थांबू नका, तुमचा तो हक्क आहे. मागच्या भेटीत फट किती मिलिमीटर होती, आज किती आहे, आणि पुढचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत, हे तिन्ही आकडे मोजून सांगायला एक मिनिट लागतं. फट कमी होतेय पण पुढचे दात मागे येत नाहीयेत असं दोन-तीन भेटी दिसलं तर त्याचा अर्थ दाढ पुढे येतेय, आणि तेव्हा विचारायचं की मिनिस्क्रूचा आधार घेता येईल का. फट अजून शिल्लक आहे तोवर हे विचारण्यात अर्थ आहे, बंद झाल्यावर फार उशीर होतो. फट अजिबात हलत नसेल तर तार ब्रॅकेटमध्ये अडकतेय का, वरचा दात खालच्या दातावर आपटतोय का, तिथलं हाड अरुंद झालंय का हे तपासावं लागतं. वर्षभरात मुळांचा एक्स-रे झाला नसेल तर तोही विचारा.

आणि एक विनंती, शेवटच्या टप्प्यात घाई करू नका. लोक पुढचे दात सरळ दिसले की ब्रेसेस काढा म्हणून मागे लागतात. लॉरेन्स अँड्र्यूज यांनी कधीच ब्रेसेस न लावलेल्या पण उत्तम बाइट असलेल्या १२० जणांच्या दातांचे साचे अभ्यासले आणि १९७२ मध्ये सहा खुणा मांडल्या, दाढांचं नातं, दातांचा पुढेमागे कल, आतबाहेर कल, दात वळलेले नसणं, फटी नसणं, आणि खालच्या दातांची ओळ जवळपास सपाट असणं. यातल्या बऱ्याचशा आरशात दिसतच नाहीत. तुमच्या केसमध्ये फक्त वरच्या उपदाढा काढल्यात म्हणून दाढांचं नातं त्या मूळ खुणेसारखं नसेल, वरची दाढ अख्ख्या एका उपदाढेने पुढे बसेल आणि ते ठरवूनच केलेलं असतं, पण सुळ्याचं नातं मात्र बरोबर यायलाच हवं. ते येईपर्यंतचे शेवटचे महिने कंटाळवाणे असतात, काही बदलतंय असं वाटत नाही, आणि चावायला दात कसे भेटणार ते नेमकं तेव्हा ठरतं.

कवडसा७

आणि नंतर दात जागेवर धरून ठेवायला देतात ते रिटेनर किती दिवस? मला एक वर्ष सांगितलंय.

दंतवैद्य_ऑर्थो

रात्रीचा तरी कायम ठेवा. हिरडीतले तंतू ताणलेल्या रबरासारखे राहतात, रायटन या संशोधकांच्या कामात दात वळवल्यानंतर २३२ दिवसांनी सुद्धा ते सैलावलेले नव्हते, आणि तुमचा तर सुळाच वळवायचाय म्हणजे तुमच्यासाठी हे जास्त महत्त्वाचं. वॉशिंग्टन विद्यापीठात लिटल यांनी उपदाढा काढून उपचार केलेल्या ६५ जणांना रिटेनर बंद केल्यानंतर दहा वर्षांनी पाहिलं तर जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांचे खालचे पुढचे दात पुन्हा नाराज करतील इतके वाकडे झाले होते. अक्कलदाढ काढून टाकली की हे टळतं असंही नाही, ते तपासून पाहिलेलं आहे. वयानुसार खालची ओळ आवळत जातेच, ब्रेसेस न लावलेल्यांचीही.

रानजाई, तुम्हाला खालच्या दातांमागे बारीक तार चिकटवतील बहुतेक. तिचं एक टोक कधी सुटलं तर दुखत नाही म्हणून लोक महिनोन्महिने तसंच ठेवतात आणि तोवर तो एक दात वळून बसतो. जिभेला टोचलं किंवा दात हलतोय असं वाटलं तर त्याच आठवड्यात जाऊन चिकटवून घ्या.

रानजाई

हो, नक्की. परवाच भेट आहे, तिन्ही आकडे लिहून घेऊन येते आणि इथे टाकते, मग बघा जरा.

पीजी_अभ्यासिका

टाका टाका. जमलं तर पहिल्या साच्याच्या किंवा स्कॅनच्या वेळचा पुढच्या दातांचा आकडाही मागून घ्या, तो तुमच्या फाइलमध्ये असणारच, त्याशिवाय आजच्या आकड्याची तुलना कशाशी करणार.